नाडीदर

शिरीष तारळेकरांनी ताश्कंदच्या बाजारात घासाघीस करून जर्दाळूंचा भाव निम्म्यावर आणला आणि तरीही ते जर्दाळू मूळ भावापेक्षा महाग पडायला लागले. असं कसं झालं म्हणाल, तर दोष गणिताचा नव्हता. दोष शिरीषरावांच्या नाडीचा होता.

कऱ्हाडला मंडईच्या मागे तारळेकरांचं भांड्यांचं दुकान आहे, त्याचे हे मालक. वय साठीला टेकलेलं, आवाज खणखणीत, आणि घासाघीस हा जन्माचा छंद. घाऊक व्यापाऱ्याशी करतील, गिऱ्हाइकाशी करतील, आणि कुणीच सापडलं नाही तर रिक्षावाल्याशी करतील. समोरच्याने आकडा उच्चारायचा अवकाश, यांच्या अंगात वारं शिरतं. ताश्कंदच्या त्या जर्दाळूवाल्यालाही त्यांनी असं काही खिंडीत गाठलं, की शेवटी तो हसत हसत शरण आला. शिरीषरावांनी विजयी वीरासारखं मनगट पुढे केलं. पट्टा तांबडा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली : दर अडीचपट.

"हे काय? अहो, मी भाव पाडलाय!" शिरीषराव पट्ट्यावर ओरडले.

"तुमचा ठोका चढला ना, तेवढाच दर चढला," त्यांची बायको चारुशीला पिशवी सावरत म्हणाली. "आणा इकडे, मी घेते."

तिनं आपलं मनगट धरलं. पट्टा हिरवागार. साधा दर. शिरीषरावांनी पाडलेल्या भावात जर्दाळू पिशवीत पडले, आणि शिरीषरावांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

आता हा पट्टा काय भानगड आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माणूस एखादी वस्तू घ्यायला हात पुढे करतो, त्याच्या क्षणभर आधी त्याचं शरीर चुगली करतं. छाती धडधडते हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण खरी गोम दोन ठोक्यांमधल्या अंतरात असते. निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमी, किंचित जास्त होत राहतं. काही हवंहवंसं समोर आलं, की ते अंतर एकसारखं होऊ लागतं. तळहाताला डोळ्यांना न दिसणारा घाम सुटतो, त्या ओलाव्यामुळे कातडीतून वीज सहज वाहते, आणि बोटांची टोकं जराशी गार पडतात. मनगटाला चिकटलेल्या पातळ पट्ट्याला हे सगळं मोजता येतं. जिना चढून धाप लागली असेल तर तेही त्याला ओळखता येतं, आणि छाती शांत करणारी गोळी घेऊन कुणी शहाणपणा केला तर पट्टा सरळ संप पुकारतो.

काही संशोधकांनी परदेशी जाणाऱ्या लाखो प्रवाशांच्या खरेदीच्या वेळच्या या खुणा गोळा केल्या आणि सहा महिन्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तेव्हा घेतलेली वस्तू आत्ता कुठे आहे? बहुतेकांचं उत्तर होतं, माळ्यावर. माळ्यावर जाणाऱ्या वस्तूंच्या वेळी नाडी एका विशिष्ट तऱ्हेनं उसळते, हे संगणकाला शिकवायला मग फारसा वेळ लागला नाही. ही बातमी अर्थखात्यात पोचली आणि तिथली मंडळी खडबडून जागी झाली. देशाचं परकीय चलन जातं कुठे, तर लोकांच्या माळ्यावर!

म्हणून नवा नियम आला. परदेशात रुपया बदलायचा तर सगळ्यांना एकच दर नाही. औषध, जेवण, मुक्काम, प्रवास यांना साधा दर. बाकी कशालाही हात घालाल, तर पट्टा नाडी बघणार आणि दर ठरवणार. शांतपणे घ्या, साधा दर. हाव सुटली की दर चढत जाणार, तो थेट साडेतीनपटीपर्यंत. शिवाय प्रत्येक कुटुंबाला वर्षाच्या परदेशखर्चाची मर्यादा, आणि चढलेला दर त्या मर्यादेतूनच वळता व्हायचा. सरकार अगदीच निर्दय नव्हतं. एक रात्र जाऊ द्या, मन निवू द्या, दुसऱ्या दिवशी परत या, दर आपोआप उतरलेला असेल, असं नियमाच्या पुस्तिकेत प्रेमानं लिहिलं होतं. लोकांनी त्या लांबलचक नावाच्या नियमाला दोन दिवसांत नाव पाडलं, नाडीदर.

मग काय विचारता! विमानतळावर प्राणायामाचे वर्ग निघाले. दुकानाच्या दारात लोक डोळे मिटून उभे राहू लागले. कऱ्हाडात एका स्थळाकडून म्हणे मुलीच्या पत्रिकेबरोबर तिचा नाडीदरही मागवला. खरंखोटं देव जाणे.

आणि या सगळ्या गदारोळात चारुशीलेचं नशीब फळफळलं. बाईंचा पट्टा कधी हिरव्याचा पिवळासुद्धा होत नसे. रेशीम घ्या, अत्तर घ्या, सोन्याचं पाणी दिलेला चहाचा संच घ्या, ही आपली देवघरात निरांजन लावावं तितक्या शांतपणे मनगट पुढे करी. सहलीत बावीस जण होते, कऱ्हाड-साताऱ्याकडचे. त्यांच्यातल्या सुनेत्रावहिनी पाटसकरांच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. गटातल्या गटात दुसऱ्यासाठी खरेदी करायला नियमाची आडकाठी नव्हती. पैसे ज्याच्या-त्याच्या खात्यातून, नाडी मात्र हात पुढे करणाऱ्याची.

"चारूताई, तेवढा माझा गालिचा घ्याल का हो? मी नुसता बघितला तरी दुप्पट दाखवतोय मेला!"

समरकंदपर्यंत सगळ्या गटाची खरेदी चारुशीलेच्या मनगटातून होऊ लागली. शिरीषराव आधी खट्टू झाले, मग त्यांना त्यातही अभिमान वाटायला लागला. "आमच्या हिला काही म्हणता काही नको असतं," ते चारचौघांत सांगत. "पस्तीस वर्षं संसार झाला, एकदा म्हणून हट्ट नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिक्सर दिला, घाऊक भावात, तरी खूश!"

लोक हसत. चारुशीलाही हसे. तिला ते खोटं वाटत नव्हतं. ती खरंच सुखी होती. घर होतं, मुलगा बंगळुरात मार्गी लागला होता, नवरा तोंडानं फटकळ पण मनानं निर्मळ होता. आणि दुकानात तिची स्वतःची एक जागा होती. गल्ल्याशेजारी, खिडकीजवळ, जिथे भांड्यांवर नावं घालायचं यंत्र होतं.

भांडं भेट द्यायचं तर त्यावर नाव हवंच, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वास्तुशांतीचा डबा असो, मुंजीचा तांब्या असो, नाव घातल्याशिवाय आहेर पुरा होत नाही. लग्न होऊन आल्यापासून ते काम चारुशीलेकडे होतं. विजेची लेखणी घुरघुरायची आणि स्टीलवर अक्षरं उमटायची. तिचं अक्षर इतकं देखणं, की लोक मुद्दाम तिच्यासाठी थांबत. नावाच्या शेवटी ती एक बारीकशी वेल काढी. ती कुणी मागितलेली नसे आणि तिचे पैसेही कुणी देत नसे.

सहल बुखाऱ्याला पोचली. जुन्या शहराच्या मध्यावर विटांच्या घुमटांखाली बाजार भरतो. बाहेर ऊन रणरणत असलं तरी घुमटाखाली माठातल्या पाण्यासारखा गारवा. सकाळी मंडळी कुठल्याशा किल्ल्यात फोटो काढत होती आणि चारुशीला एकटीच सावलीतून चालत निघाली होती. तेवढ्यात तिच्या कानावर एक आवाज पडला. टक्, टक्, टक्.

एका गाळ्यात एक बाई पितळेचं ताट गुडघ्यावर घेऊन बसली होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, वय चारुशीलेहून थोडं जास्त. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात लहानशी हातोडी. छिन्नी पुढे सरकत होती आणि तिच्या टोकाशी पितळेची बारीक सालपटं गोल गोल वळून उठत होती, पेन्सिलला टोक काढताना निघतात तशी. मागे उरत होती ती वेल. नुसती ओरखडलेली नव्हे, धातूत खोल उतरलेली, पानाच्या शिरेची जाडी कमी-जास्त करत गेलेली.

चारुशीला तिथेच थबकली. इतकी वर्षं ती स्टीलच्या पाठीवर गुदगुल्या करत आली होती, आणि धातूच्या आत शिरता येतं हे तिला आज कळत होतं. आपल्या हातांना एवढी भूक लागू शकते, याचा तिला अचंबा वाटला.

त्या बाईनं वर बघितलं. कानात घातलेल्या दुभाष्या यंत्रामुळे बोलायची अडचण नव्हती. नाव ओयदिन. सगळे तिला ओयदिन-ओपा म्हणत, म्हणजे ओयदिनताई. चारुशीलेनं आपल्या कामाचं सांगितलं, तशी ओपाने तिचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याजवळचा घट्टा दाबून पाहिला.

"चार दिवस बस माझ्याजवळ," ओपा म्हणाली. "छिन्नी कशी धरायची आणि कशी फिरवायची, एवढं येईल. पुढचं तुझ्या घरी तूच शिकशील. माझ्या वडिलांच्या घडणीच्या छिन्न्यांचा एक संच आहे, तोही तुला देईन."

शिकवणी आणि छिन्न्या मिळून तिनं जो आकडा सांगितला, तो काही फार नव्हता. दर कळावा म्हणून चारुशीलेनं सवयीनं मनगट पुढे केलं.

पट्टा तांबडा झाला. पावणेतीनपट.

तिला आधी वाटलं, पट्टा बिघडला. मग लक्षात आलं, की आपल्या कानशिलातही तेच ठोके पडताहेत. तिनं चोरी पकडली गेल्यासारखा हात पदराआड घेतला, "उद्या येते" असं काहीतरी पुटपुटली आणि हॉटेलवर परतली. पावणेतीनपट म्हणजे उरलेल्या मर्यादेचा बहुतेक सगळा घास. शेजाऱ्यांना, नणंदांना, दुकानातल्या माणसांना काय न्यायचं? परदेशातून रिकाम्या हाताने गेलं तर कऱ्हाड काय म्हणेल? आणि ह्यांनी दुकानासाठी तांब्याच्या नमुन्यांचे केवढे बेत केलेले! नकोच ते, तिनं ठरवलं. एक रात्र गेली की मन निवतं, असं पुस्तिकेत लिहिलेलंच होतं.

रात्र गेली. मंडळी नाश्त्याला बसण्याआधी ती देवाचं नाव घेत घुमटाखाली गेली, दीर्घ श्वास घेतले, मनगट धरलं. तीनपट.

मन निवायचं सोडून उकळत होतं. तिला हसू आलं आणि रडूही आलं. ओपाने तिच्याकडे बघितलं, हिरव्या चहाचा कप पुढे सरकवला आणि आपलं काम चालू ठेवलं.

त्या दुपारी सुनेत्रावहिनींची खरेदी ठरलेली होती. भाचीच्या लग्नात वाटायला रेशमी स्टोल हवे होते, आणि दुकान नेमकं त्याच घुमटाखालचं, ओपाच्या भिंतीला भिंत लागून. गटाची व्यवस्थापक तन्वी, शिरीषराव, सुनेत्रावहिनी, सगळे चारुशीलेभोवती गोळा झाले. वहिनींनी स्टोल निवडले, चारुशीलेनं मनगट पुढे केलं, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून आवाज आला. टक्, टक्, टक्.

पट्टा लालबुंद.

"अगंबाई!" वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "चारूताई, तुम्हाला एवढे आवडले माझे स्टोल?"

"यंत्र बिघडलं वाटतं काकूंचं," तन्वी म्हणाली.

शिरीषराव मात्र पट्ट्याकडे बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते. दुकानदाराचा डोळा तो, गिऱ्हाईक बोलतं एका भांड्याबद्दल आणि बघतं दुसऱ्याकडे, हे त्यांना लांबूनही कळायचं. चारुशीलेच्या हातात स्टोल होता आणि नजर भिंतीवर होती.

"वहिनी, जरा दम धरा," ते म्हणाले. "आम्ही चहा घेऊन येतो."

तळ्याकाठी तुतीच्या झाडाखाली ती दोघं बसली. चहा आला. शिरीषरावांनी तो बशीत ओतला, फुंकला आणि प्यायचा विसरले.

"काय गं, काय हवंय तुला?"

"कुठे काय? काही नाही."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुझा पट्टा तांबडा झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. भिंतीपलीकडे काय आहे?"

चारुशीलेनं सांगितलं. सुरुवातीला अडखळत, इकडचं तिकडचं बोलत, मग एकदम भडाभडा. सालपटं कशी वळतात, वेल कशी आत उतरते, ओपाने हात कसा धरला. बोलताना ती हवेत छिन्नी धरून दाखवत होती. शेवटी मात्र तिचा आवाज खाली आला. "पण तीनपट दाखवतो हो. मी काही वेडी नाही. जाऊ द्या. घरी काही कमी आहे का मला?"

पस्तीस वर्षांत 'काय हवंय तुला' हा प्रश्न आपण हिला कधी विचारला होता, ते शिरीषराव आठवायचा प्रयत्न करत होते. साडी घेताना विचारला असेल, हॉटेलात विचारला असेल. तेव्हाही उत्तराची वाट न बघता आपणच काहीतरी मागवलं असेल. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की गप्प बसायचं, हा त्यांचा स्वभाव नव्हता. वाईट वाटलं की त्यांचं डोकं जोरात चालायचं.

"अगं, सोपं आहे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तुला हवंय म्हणून तुझी नाडी उसळते. मला त्या छिन्न्यांचं काय सोयरसुतक? घासाघीस केली नाही तर मीसुद्धा थंडगार असतो. उद्या सकाळी मी मनगट धरतो. साध्या दरात काम फत्ते! तू चार दिवस शीक, मी इथं बसून चहा पितो. गट खिवाला जाऊन येईल, आपण त्यांना ताश्कंदला गाठू."

"आणि सुनेत्रावहिनींचे स्टोल?"

"ते मी घेतो. स्टोलमध्ये तर मला काडीचा रस नाही."

आणि गंमत म्हणजे, त्यांनी खरंच घेतले. एक शब्द न बोलता, हाताची घडी घालून, दुकानदाराकडे न बघता. पट्टा हिरवा. सुनेत्रावहिनींनी त्यांना वाकून नमस्कारच केला. खिवाला आता खरेदी कोण करून देणार, ही कुरकुर त्यांनी केलीच, पण जाताना चारुशीलेच्या कानात म्हणाल्या, "शिकून या हो. आणि माझ्या पितळी डब्यावर पहिली वेल तुमची." शिरीषराव तर त्या दिवशी जेवणात दोन वाट्या पिठलं जास्त जेवले. सहलीबरोबर स्वयंपाकी होताच.

सकाळी गटाची बस निघायच्या आधी तन्वी दोघांबरोबर घुमटाखाली आली. व्यवहाराची नोंद तिच्यासमोर व्हायला हवी होती. ओपाने गाळा झाडून ठेवला होता. आपल्या बसायच्या जागेशेजारी तिनं एक दुसरं बुटकं स्टूल मांडलं होतं आणि त्यावर घडी घालून गादी टाकली होती.

"हे बघा, मी एक अक्षर बोलणार नाही," शिरीषरावांनी जाहीर केलं. "भाव ठरलेला आहे, तोच. घासाघीस बंद."

त्यांनी डोळे मिटले. दुकानातल्या उन्हाळी दुपारची, गिऱ्हाईक नसलेली, पंखा कुरकुरणारी वेळ त्यांनी मनात आणली. श्वास संथ झाला. हात पुढे गेला. पट्टा हिरवाच होता. तन्वीनं अंगठा वर करून खूण केली.

तेव्हाच ओपाने कापडाची गुंडाळी उलगडून चारुशीलेपुढे धरली. काळपट, वापरून गुळगुळीत झालेल्या मुठींच्या छिन्न्या, एकीला एक लागून. चारुशीलेनं त्यातली एक उचलली. फक्त उचलली, तिची मूठ घट्ट्याच्या जागी टेकवली आणि श्वास सोडला.

शिरीषरावांनी तेवढ्यासाठी डोळे उघडले होते. आपली बायको अशी कधी दिसली होती, हे ते आठवू लागले आणि त्यांना आठवेना. लग्नात ती घाबरलेली होती. मुलगा झाला तेव्हा दमलेली होती. हा चेहरा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. तिला काहीतरी हवं होतं आणि ते तिच्या हातात आलं होतं.

पट्टा पिवळा झाला. मग तांबडा झाला. मग थरथरायला लागला.

"काका!" तन्वी किंचाळलीच. "साडेतीनपट! हा शेवटचा आकडा आहे, याच्यावर पट्टा जातच नाही! काय झालं तुम्हाला? बरं वाटतंय ना?"

पट्ट्यावर अक्षरं उमटली : हा खर्च आवेगाचा आहे. रद्द करायचा का?

शिरीषराव बघतच राहिले. छाती धाडधाड उडत होती. जर्दाळूंच्या वेळी उडाली होती त्याहून कितीतरी जास्त, आणि इथं तर एका पैशाची ओढाताण चाललेली नव्हती.

"काका, हात मागे घ्या," तन्वी घाईघाईने हिशेब करत म्हणाली. "काकूंचा दर तुमच्यापेक्षा बरा आहे. त्यांना भरू दे. निदान कऱ्हाडच्या भेटवस्तूंपुरतं तरी उरेल. तुम्ही भरलंत तर तुमच्या मर्यादेत एक छदाम शिल्लक राहत नाही."

"बरोबर बोलतेय ती," चारुशीला छिन्नी खाली ठेवत म्हणाली. "अहो, सरका. मी धरते मनगट."

"नाही."

"अहो, असं काय करता? उगीच जास्तीचे—"

"नाही म्हटलं ना! हे मी देणार. तुझ्या हातानं तू घेतलंस, तर ते तू घेतलंस. मला द्यायचंय."

"आणि कऱ्हाडला काय सांगायचं? नणंदा काय म्हणतील?"

"सांगू, बाजार बंद होता."

असं म्हणून, उभ्या जन्मात पावकिलो मिरच्यांवरची कोथिंबीरसुद्धा न सोडलेल्या त्या माणसानं 'नाही'वर बोट दाबलं. पट्ट्याने पुन्हा विचारलं. यंत्रच ते, त्याला खात्री करून घ्यायची होती. शिरीषरावांनी पुन्हा दाबलं, या वेळी इतक्या जोरात की मनगटावर वळ उठला. पट्टा शांत झाला. व्यवहार पुरा झाला.

तन्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. बसची वेळ झाली म्हणत ती पळालीच. ओपाला दराचं काही कळत नव्हतं. तिला तिचा ठरलेला आकडा मिळाला होता. या दोघांना एकमेकांकडे बघत उभं राहिलेलं पाहून तिनं तिसरा कप काढला आणि चहा ओतायला घेतला.

चारुशीला गादीवर बसली. छिन्न्यांची गुंडाळी मांडीवर घेतली. तिला इतका आनंद झाला होता की काय बोलावं सुचेना, आणि सुचलं ते भलतंच सुचलं.

"अहो, पण निदान ओपांना थोडं कमी तरी करायला सांगायचंत!"

शिरीषरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"तूच सांग," ते म्हणाले. "मला आत्ता बोलता येत नाहीये."